लाजऱ्या कोंबड्यांची पंगत

आमच्या दाजींना वाढताना तुम्ही बघायला हवं होतं. माणसांना वाढताना म्हणतेय मी. कोंबड्यांचं पुढं येईलच. बेंगळुरातल्या राजाजीनगरच्या आमच्या मराठी मंडळात गणपतीचं जेवण असो की कुणाच्या मुलीचं लग्न, वाढप्यांचे पुढारी दाजीच. धोतर वर खोचलेलं, खांद्यावर पंचा, हातात भाताचं पातेलं. मांडवभर पानं बसलेली असली तरी कुणाच्या पानात काय संपलंय ते त्यांना पार दुसऱ्या टोकाला उभं राहून कळायचं. "त्या खांबाजवळच्या वहिनींना आमटी द्या रे, त्या मागायच्या नाहीत," असं ओरडायचे. आणि खरंच, त्या वहिनी भात कोरडाच कालवत बसलेल्या असायच्या.

ज्योतिबा त्यांचं नाव. माझ्या थोरल्या बहिणीचे, गंगव्वाअक्काचे, यजमान, म्हणून मला दाजी. मूळचे निपाणीकडचे. तरुणपणी बेंगळुरात आले, कारखान्यात लेथवर हयात काढली आणि निवृत्त झाल्यावर के. आर. पुरमला रेल्वेच्या मागच्या अंगाला टुमदार घर बांधून राहिले. मी त्यांच्याशी उभ्या आयुष्यात चार शब्द सरळ बोलले नसेन. मेहुणी आहे मी, तो माझा हक्कच आहे की! पण आज मी त्यांचं कौतुक सांगायला बसलेय, तेव्हा मध्ये कुणी बोलू नका.

तर कोंबड्या अक्काच्या. घराच्या मागं चिंचोळी जागा, एक फणस, त्याच्याखाली जाळीचं खुराडं. होसकोटेकडच्या एका मोठ्या फार्मवर अंडी देऊन देऊन दमलेल्या तांबड्या कोंबड्या काढून टाकतात, त्यातल्या थोड्या अक्का घेऊन यायची. पिंजऱ्यात घासून मानेची पिसं गेलेली, पाय लटपटते, उन्हात सोडलं तरी बावचळून उभ्या. बघवत नसे हो. अक्का त्यांना खाऊपिऊ घालून माणसात आणायची, म्हणजे कोंबड्यांत आणायची, आणि त्या पुन्हा अंडी घालायला लागायच्या. दाजी त्या बाजूला फिरकत नसत. "वास येतो," म्हणायचे.

मागच्या दिवाळीनंतर अक्का मोरीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. तिची मुलगी मुग्धा जयनगरला राहते, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे, व्यायाम शिकवायला बाई घरी येते. तिनं आईला तिकडं नेलं ते बरंच केलं. दाजींनीही तिथंच राहावं, घर भाड्यानं द्यावं, कोंबड्या विकून टाकाव्यात, असं मुग्धाचं म्हणणं. पोरगी वाईट नाही. नोकरी सांभाळून आईचं सगळं करत होती, तिला दोन दोन घरांची काळजी कुठं परवडणार?

अक्का मात्र ऐकेना. "मी चालायला लागले की माझ्या घरी जाणार, माझ्या कोंबड्यांत," म्हणाली.

"तोवर त्यांना बघणार कोण?" मुग्धानं विचारलं.

"मी बघतो," दाजी म्हणाले. आम्ही हसलो. अक्कासुद्धा हसली, दुखत होतं तरी.

मुग्धा हसली नाही. म्हणाली, "सरी, चालेल आप्पा. बघा तुम्ही. तुम्हाला कोंबड्या नीट सांभाळता आल्या तर आईलाही सांभाळता येईल, मग खुशाल घेऊन जा. नाही आल्या तर मात्र दोघंही इथंच राहायचं. मी पुन्हा ऐकणार नाही."

असं सगळं त्या कोंबड्यांवर येऊन ठेपलं.

आता दाजींनी काय केलं, ते ऐका. अक्कानं खाद्याचं पोतं भरून ठेवलं होतं. लेयर, म्हणजे अंड्यांवरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, पिवळट भुकटी असते. दाजींनी पोतं उघडलं, मूठभर हातात घेतलं, हुंगलं आणि नाक मुरडलं. ज्या माणसानं जन्मभर पंगतीला गरम भात वाढला, तो भुकटी वाढणार? पोतं कोपऱ्यात सरकवलं आणि हे गृहस्थ कोंबड्यांसाठी स्वयंपाक करायला लागले! मऊ भात, वर साजूक तूप. शनिवारी शिरा. संक्रांतीला होळिगे, आपल्या पुरणपोळ्या हो. सगळं लग्नातल्या मोठ्या परातीत कालवून मधोमध ठेवायचं आणि कोंबड्या तुटून पडल्या की लांब उभं राहून समाधानानं बघायचं.

मी मेट्रोनं मॅजेस्टिकला बदलून त्यांच्याकडं गेले तेव्हा मलाही वाटलं, वा! थंडीचे दिवस, सगळ्या पिसं फुलवून बसलेल्या, लोकरीच्या गुंड्यांसारख्या गोल गरगरीत. मी फोटो काढून अक्काला पाठवले. वर लिहिलं, दाजींनी तुझ्यापेक्षा गुबगुबीत केल्यात.

मग अंड्यांची कवचं पातळ यायला लागली. हातात घेतलं की चिरायची. मग अंडीच थांबली. दाजींचं धाबं दणाणलं. अक्काला दर आठवड्याला घरची अंडी डब्यातून जात होती, आता काय पाठवायचं? तर ह्या शहाण्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून तांबडी अंडी आणली आणि घरची म्हणून जयनगरला पोचती केली.

मी तिथंच होते. मुग्धानं आईसमोर अंडं फोडलं. अक्कानं ताटलीत बघितलं. बलक फिकट, मेणचट. तिच्या कोंबड्यांचा बलक केशरी असतो, हिरवा पाला खातात त्या. तिनं फोन लावायला सांगितला आणि दाजींना म्हणाली, "कुठल्या दुकानातली हो?"

दाजींनी निमूट दुकानाचं नाव सांगितलं.

"एक कोंबडी घेऊन या. आत्ता."

दाजी आले. टोपलीवर पंचा बांधलेला, आत कोंबडी. ऑटोवाल्यानं कोंबडी बघून "स्वल्प जास्ती कोडी" म्हणून जास्त पैशांसाठी वाद घातला होता, लिफ्टमध्ये एक बाई कोपऱ्याला चिकटून उभी राहिली होती, सगळं सांगत सांगत आले बिचारे. वातावरण हलकं करायला बघत होते. अक्कानं कोंबडी मांडीवर घेतली आणि पिसांत बोटं घातली, पोटाकडून वर छातीपर्यंत. तिचा चेहरा उतरला.

"वसू, तू बघ," म्हणाली.

मी हात घातला. अगं बाई! छातीचं हाड हाताला विळीच्या पात्यासारखं लागलं. दोन्ही बाजूंना मांस असायला हवं ते नाहीच. बाहेरून एवढी फुगलेली आणि आत काही नाही.

"नुसती पिसं आहेत ही," अक्का म्हणाली. "भातानं गळ्याखालची पिशवी भरते. अंगाला काय लागणार? आणि अशा अंगानं बिचारी अंडी घालत होती."

"मी तूप घालत होतो गं," दाजी म्हणाले. इतक्या बारीक आवाजात म्हणाले की मला पुढं हसायलाच आलं नाही.

मुग्धा ओरडली नाही, तेच वाईट. शांतपणे म्हणाली, "आप्पा, रविवारी चिकनवाल्या अण्णांना बोलावते. आणि घराला भाडेकरू बघायला लागते." अक्कानं भिंतीकडं तोंड केलं. दुपारी व्यायामाची बाई आली तर म्हणाली, "आज नको." उद्या पण नको म्हणाली. मी रागावले तर मलाच म्हणते, "चालून कुठं जायचंय मला?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दाजी खाली फाटकाजवळ कोंबडीची टोपली घेऊन उभे होते, तिथं जाऊन मी त्यांना धुतलं. "होळिगे? कोंबड्यांना होळिगे? डोकं ठिकाणावर आहे काय तुमचं? निदान विचारायचं तरी!" आणखी पुष्कळ बोलले, इथं सांगण्यासारखं नाही.

ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "वसू, माझ्या हातचं खाऊन आजवर कुणी उपाशी उठलं नव्हतं गं."

माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. दाजी वळले आणि पुन्हा वर गेले. पलंगाशी खुर्ची ओढून बसले आणि अक्काच्या पाठीला म्हणाले, "मला येत नाही. शिकव."

भिंतीकडूनच आवाज आला. "आधी जनावरांच्या डॉक्टरांकडं न्या. जंत असणार." मग थोडं थांबून, "आणि पिसांच्या मुळाशी उवा बघा. शेपटीखाली." मग ती कूस बदलून त्यांच्याकडं वळली, कारण दाजी डोकं हलवत होते पण त्यांना काही कळत नव्हतं आणि ते तिला पाठीमागूनही समजलं. मुग्धा दारात उभी होती. "युगादीपर्यंत," म्हणजे पाडव्यापर्यंतची मुदत, एवढंच म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

त्यानंतर दाजींनी जी कंबर कसली, त्याला मी हात जोडते. कोंबड्यांच्या खुराड्याच्या वासानं नाक दाबणारा माणूस हा! सगळ्यांना टोपल्यांत भरून डॉक्टरांकडं नेलं, जंताचं औषध पाजलं. उवा निघाल्याच. चुलीची राख आणि चाळलेली माती एका टबात भरून दिली, त्यात कोंबड्या लोळून अंग झाडायला लागल्या. कोपऱ्यातलं जुनं खाद्य टाकून दिलं आणि नवं ताजं पोतं आणलं. नुसती कोरडी भुकटी कशी वाढायची म्हणून कोमट पाणी घालून पिठल्याइतपत घट्ट कालवायचे, वर थोडी सुकट. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत, ज्या कोंबडीला लागेल ती खाईल. भाजीवालीकडून तिचा जुना ताणकाटा मागून आणला, कोंबडीला कापडी पिशवीत घालून टांगायचं आणि वजन बघायचं. कोंबडी पिशवीतून डोकं काढून दाजींकडं बघायची आणि दाजी तिला म्हणायचे, "झालं हं, झालं."

संध्याकाळी कोंबड्या दांडीवर बसल्या की फोनवर अक्काला दाखवत एकेकीला चाचपायचं. गळ्याखालची पिशवी भरलीय का? छातीच्या हाडाच्या दोन्ही बाजूंना काही भरतंय का? दाजी अंगठा लावून सांगायचे, अक्का तिकडून खेकसायची, "नीट बघा, पिसं धरू नका, खाली हात घाला." खेकसायला पडून जमत नाही, तेव्हा ती उठून बसायला लागली. मग व्यायामाच्या बाईला नको म्हणणंही बंद झालं.

बहुतेक कोंबड्या भरायला लागल्या. पण काही तशाच राहिल्या. औषध तेच, खाणं तेच, आणि संध्याकाळी गळ्याखालची पिशवी रिकामी. त्यातली एक अगदीच किडकिडीत, मानेला पिसं नसलेली. तिला दाजी पाहुणी म्हणायचे, कारण ती नेहमी दाराशी उभी. डॉक्टर म्हणाले, औषधाचं काम झालं. अक्का म्हणाली, "म्हाताऱ्या आहेत, दमल्यात. त्यांचं राहू द्या." आणि आवाज असा काढला, की मला कळलं ती स्वतःबद्दलच बोलतेय.

दाजी ऐकेनात. एक अख्खी दुपार खुराड्यासमोर स्टूल टाकून बसले. मीही होते, कंटाळून पेंगत होते. परात ठेवली. एक ढब्बी कोंबडी, जिला त्यांनी सेक्रेटरी नाव ठेवलं होतं, ती दोन्ही पाय परातीत घालून उभी राहिली आणि बाजूला येणाऱ्या प्रत्येकीच्या डोक्यात चोच मारायला लागली. तिच्या बाजूच्या चार धटिंगण्या तिला सामील. पाहुणी दोनदा पुढं आली, दोनदा मागं सरली, मग लांब जाऊन माती उकरायला लागली. लांबून बघणाऱ्याला वाटावं, खातेच आहे.

दाजी ताडकन उठले. "वसू! अगं, ह्या लाजतात!"

"कोंबड्या? लाजतात?"

"तुझ्या सासूबाई नव्हत्या का! पंगतीत 'नको, नको, झालं माझं' म्हणायच्या आणि घरी जाऊन पोहे खायच्या. अगदी तस्सं चाललंय हे. मी जन्मभर वाढलं आणि इथं मधोमध परात ठेवून पाठ फिरवली. परातीत जेवण ठेवतात काय कधी? पानं मांडायला पाहिजेत!"

माझ्या सासूबाईंना मध्ये आणल्याबद्दल मी त्यांना सोडणार नव्हते, पण ते ऐकायला थांबलेच नाहीत. प्लास्टिकचा जाड पाइप उभा चिरून आणला, लांबलचक पन्हळ तयार झाली. भिंतीकडेनं ती मांडली, मध्ये मध्ये विटा लावून जागा पाडल्या, शेजारणीची चोच पोचणार नाही अशा. आणि जाळी टाकून अंगणाचे दोन भाग केले. आता तुम्हाला आमच्याकडची रीत माहीत आहे. पहिल्या पंगतीला अध्यक्ष, सेक्रेटरी, देणगीदार, मोठी मोठी माणसं. बायका, पोरं, कामकरी मागून. दाजींनी ती रीत उलटी फिरवली. सेक्रेटरी आणि कंपनी जाळीच्या पलीकडं, आणि लाजऱ्यांची पंगत आधी.

काय तो कल्ला! सेक्रेटरी जाळीवर उड्या मारतेय, आणि दाजी पळी हातात घेऊन तिला सांगतायत, "थांबा साहेब, आपलं पान पुढच्या पंगतीला." पळीनं एकेकीपुढं वाढत मागून फिरतायत. "घे की. अजून थोडं. लाजायचं नाही." मी हसून हसून पोट धरून बसले. मग बघितलं तर पाहुणीनं मान खाली घातलेली. कुणी टोचत नाही म्हणून आधी खाता खाता दचकून वर बघायची, नंतर बघायचीच विसरली. पन्हळ स्वच्छ केली तिनं. दाजींनी तिच्या गळ्याखाली बोट लावलं आणि माझ्याकडं बघितलं. त्या क्षणी मला त्यांचा इतका अभिमान वाटला! तोंडावर मी म्हटलं फक्त, "बरं जमलं." पण वाटलं ते वाटलं.

रोज सकाळ-संध्याकाळ अशा दोन दोन पंगती. मधल्या वेळात जयनगरला अक्काकडं फेरी, औषधं, बिलं, पुन्हा के. आर. पुरम. एक दिवस चुकला नाही.

युगादीला अक्का घरी आली. वॉकर धरून, एक एक पाऊल, मुग्धा शेजारी. घरात शिरलीच नाही, थेट मागच्या अंगणात. फणसाखाली खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "आणा."

दाजींनी एकेक कोंबडी तिच्या मांडीवर ठेवली. ती डोळे मिटून पिसांत हात घालायची, चाचपायची, खाली सोडायची. मुग्धा हाताची घडी घालून उभी. शेवटी पाहुणी आली. मानेवर नवी पिसं फुटलेली, तुरा लालभडक. अक्काचा हात तिच्या छातीखाली बराच वेळ राहिला. मग तिनं मुग्धाचा हात ओढून तिथं नेला. हाड हाताला लागत होतं, पण दोन्ही बाजूंनी घट्ट, भरलेलं.

"भरलीय की गं!" मुग्धा म्हणाली. आणि मग आपल्या आप्पांकडं न बघता, "आई, तुझी बॅग गाडीतून घेऊन येते. औषधं कुठं ठेवायची ते आप्पांना दाखवते." माझा जीव भांड्यात पडला.

अक्काला उठायचं होतं. दाजींनी हात पुढं केला, तिनं दंड धरला. आणि धरूनच राहिली. उठली नाही. दुसऱ्या हातानं सदऱ्याची बाही वर सारली, मग खांद्यावर हात नेला, गळ्याच्या हाडावर बोटं फिरवली. कोंबडीला चाचपावं तशीच.

"तुम्ही काय जेवता हो?" तिनं विचारलं.

"जेवतो की."

"काय जेवता?"

दाजींनी पायाकडं बघितलं. "ह्यांचं वाढून होईपर्यंत भूक जाते गं. आणि एकट्यानं आपलंच पान मांडून घ्यायचं म्हणजे... बरं वाटत नाही. उभ्या उभ्या काहीतरी खातो."

मग आठवलं मला. वाढप्यांचं जेवण सगळ्यांत शेवटी व्हायचं. मांडव रिकामा झालेला, पातेली खरवडलेली, आणि तेव्हा अक्का एक पान मांडून दाजींची वाट बघत बसलेली असायची. इतकी वर्षं तीच वाढायची त्यांना. आणि हे सगळे महिने आम्ही प्रत्येक कोंबडीच्या छातीला हात लावून बघितला, फोनवर चर्चा केल्या, पण ह्या माणसाच्या अंगावरचा सदरा ढगळ होतोय हे एकीलाही दिसलं नाही. मी पदर तोंडाला लावला आणि रडले. रागानं रडले, माझ्याच.

अक्का रडली नाही. "वसू, पान मांड," म्हणाली. "आणि भात मला आणून दे इथं."

मी आत जाऊन पान मांडून आणलं, तिच्या खुर्चीसमोर पाट टाकला. दाजी म्हणाले, "तू प्रवासातून आलीस, आधी तू..."

"बसा म्हणते ना!"

ते बसले. अक्कानं खुर्चीत वाकून भात वाढला, मुग्धानं आमटी घातली. दाजी जेवायला लागले. पहिला भात झाल्यावर त्यांनी पानावर हात आडवा धरला आणि म्हणाले, "नको, झालं माझं." अक्कानं तो हात बाजूला केला आणि आणखी वाढलं. दाजींनी मान खाली घालून तोही भात संपवला.